प्रतिमासंस्करण आज्ञावलींतील दोषशोधन

वैज्ञानिक उपकरणांनी नोंदविलेल्या मोजमापांपासून प्रतिमा तयार करणाऱ्या, अथवा तयार प्रतिमेवर संस्कार करून तिच्यातून मापे काढणाऱ्या संगणकीय आज्ञावलींतील चुका ओळखणे, त्यांचे मूळ ठिकाण निश्चित करणे आणि त्या दूर करणे, या क्रियांना मिळून प्रतिमासंस्करणातील दोषशोधन असे म्हणता येईल. सूक्ष्मदर्शक, दूरदर्शक, कृत्रिम उपग्रह, क्ष-किरण व चुंबकीय अनुस्पंदन यंत्रे, भूकंपीय सर्वेक्षणाची साधने इत्यादींपासून मिळणाऱ्या प्रतिमा आज जवळजवळ सर्वस्वी संगणकाच्या द्वारे तयार होतात. त्यामुळे या विषयाचा संबंध खगोलशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत अनेक क्षेत्रांशी येतो. आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात व हा शब्द मराठी बोलण्यातही रूढ झाला आहे. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तथापि यंत्रातील बारीकसारीक बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याहून जुनी असून टॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील एका पत्रात ती आढळते.

प्रतिमा व तिचे टप्पे : संगणकाच्या दृष्टीने प्रतिमा म्हणजे आकड्यांचा एक तक्ता होय. तक्त्यातील प्रत्येक घराला चित्रघटक किंवा पिक्सेल म्हणतात व त्यातील आकडा त्या ठिकाणची दीप्ती दर्शवितो. मरिनर-४ या अमेरिकी अंतराळयानाने जुलै १९६५ मध्ये मंगळाची जी छायाचित्रे पाठविली, त्यांपैकी प्रत्येकात २०० ओळी व दर ओळीत २०० पिक्सेल होते आणि दर पिक्सेलची दीप्ती ० ते ६३ यांदरम्यानच्या आकड्याने व्यक्त केलेली होती. यानावरील फीत-मुद्रक नीट चालतो आहे की नाही याविषयी अभियंत्यांना शंका होती. म्हणून पॅसाडीना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील काही जणांनी संगणकाकडून चित्र येण्याची वाट न पाहता आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारीशेजारी चिकटविल्या व त्या रंगीत खडूंनी हाताने रंगविल्या. मंगळाचे अवकाशयानातून घेतलेले पहिले चित्र अशा रीतीने हाताने रंगवून सिद्ध झाले. यंत्राच्या मधल्या टप्प्यांवर विसंबून न राहता मूळ आकड्यांकडे जाणे, हे या शास्त्रातील मुख्य तत्त्व त्या प्रसंगात सहजपणे पाळले गेले होते.

मरिनरचे चित्र निदान छायाचित्र तरी होते. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या संगणकीय छेददर्शक यंत्राने १९७१ मध्ये लंडनमधील विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा जो छेद दाखविला, तो कोणत्याही काचेवर वा फिल्मवर उमटलेला नव्हता. निरनिराळ्या दिशांनी डोक्यातून आरपार गेलेल्या क्ष-किरणांची मोजमापे घेऊन संगणकाने ८० × ८० घरांचा तक्ता गणिताने काढला होता. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या विराट रेडिओ दूरदर्शकाच्या बाबतीतही असेच आहे. त्याच्या ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांपैकी कोणतीही एक अँटेना आकाशाचे चित्र काढीत नाही. अँटेनांच्या जोड्यांकडून येणाऱ्या संकेतांची परस्परांशी तुलना करून मिळालेल्या आकड्यांपासून चित्र गणिताने रचावे लागते.

यावरून हे ध्यानात येईल की, पदार्थ आणि पडद्यावरील चित्र यांच्यामध्ये टप्प्यांची एक साखळी असते : अभिज्ञातकाने संकेत ग्रहण करणे, त्याचे आकड्यात रूपांतर, आकडे संचिकेत साठविणे, ते परत वाचणे, त्यांपासून प्रतिमा रचणे, उपकरणाच्या ज्ञात दोषांसाठी दुरुस्त्या करणे, पडद्यावर दाखविणे व शेवटी मोजणे. यांतील कोणत्याही टप्प्यात चूक झाली, तरी ती दिसते मात्र शेवटच्या चित्रातच.

दोष लपून राहण्याची कारणे : आज्ञावली मध्येच बंद पडणे हा दोष त्रासदायक असला, तरी वैज्ञानिकदृष्ट्या तो निरुपद्रवी होय, कारण तो स्वतःच आपली वर्दी देतो. खरा धोका आज्ञावली सुरळीत चालून चुकीचे, परंतु पटण्याजोगे चित्र देते तेव्हा असतो. वेतनपत्रक तयार करणाऱ्या आज्ञावलीत चूक असेल, तर महिन्याच्या अखेरीस कोणी ना कोणी तक्रार करतोच. मंगळावरील खडक किंवा पेशीतील प्रथिन तक्रार करीत नाही. संशोधक ज्याचे चित्र काढतो ते त्याने पूर्वी कधी पाहिलेले नसते. त्यामुळे चित्र बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहण्यास त्याच्यापाशी मूळ वस्तू नसते. व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरल्यानंतर तेथून आलेले पहिले रंगीत चित्र घाईने तयार करण्यात आले, तेव्हा त्यात मंगळाचे आकाश पृथ्वीवरच्यासारखे निळे दिसले. यानावरच बसविलेल्या रंगपट्टिकेच्या साहाय्याने अंशशोधन केल्यावर ते गुलाबीसर असल्याचे स्पष्ट झाले. निळ्या आकाशाविषयी प्रथमदर्शनी कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते, कारण आकाश निळे असते हीच सर्वांची सवय.

दोषांची लक्षणे : वैद्य ज्याप्रमाणे लक्षणांवरून रोगाचे स्थान ओळखतो, त्याप्रमाणे चित्रातील विकृतीच्या आकारावरून तिचा उगम पुष्कळदा ओळखता येतो. येथे नियमितपणा हा सर्वांत उपयुक्त पुरावा असतो. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या बहुवर्णपटीय क्रमवीक्षकात प्रत्येक वर्णपट्ट्यासाठी ६ अभिज्ञातक होते व ते एका वेळी जमिनीच्या ६ ओळी टिपीत. त्यांपैकी एकाची संवेदनशीलता किंचित वेगळी झाली की, चित्रात दर सहाव्या ओळीला फिकट किंवा गडद पट्टा दिसे. अशा पट्ट्यांमधील अंतर ६ असेल तर उपकरण किंवा त्याचे अंशशोधन संशयित ठरते. ते ८ असेल, तर चित्र साठविताना वापरलेली संक्षेपनाची पद्धत तपासावी लागते, कारण जेपेग ही प्रचलित पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करते. अंतर २५६ किंवा ५१२ असेल, तर आज्ञावली मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी हाताळीत असून तुकड्यांच्या कडा जोडताना कोठेतरी चूक होत आहे, असे बहुधा आढळते. निसर्गाला २५६ या संख्येविषयी विशेष प्रेम असल्याचे दिसत नाही.

छेददर्शनात एका अभिज्ञातकाचे अंशशोधन चुकले की प्रतिमेत समकेंद्री वलये उमटतात. कारण यंत्र रुग्णाभोवती फिरत असल्याने तोच अभिज्ञातक प्रत्येक कोनातून केंद्रापासून तेवढ्याच अंतरावरची रेषा मोजतो. परिभ्रमणाचा केंद्रबिंदू आज्ञावलीत चुकीचा दिला असेल, तर वलये न उमटता बारीक बिंदूंच्या जागी लहान कमानी दिसतात. धातूच्या तुकड्यापासून निघणारे किरणासारखे पट्टे मात्र आज्ञावलीतील चूक नसून, किरणांच्या शोषणाविषयीचे साधे गणित धातूला लागू पडत नसल्याचा परिणाम होय. या तिन्हींत गल्लत झाली की, चांगल्या आज्ञावलीची विनाकारण मोडतोड होते.

आकडे साठविण्याच्या रीतीतून उद्भवणारे दोषही त्यांच्या ठशावरून ओळखू येतात. आठ द्विमान अंकांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यांत २५५ ला १ मिळविला व आज्ञावलीने काळजी घेतली नाही, तर उत्तर ० येते आणि ताऱ्याचा सर्वांत तेजस्वी मध्यभाग काळा पडतो. सोळा अंकांच्या, केवळ धन असलेल्या आकड्यांचे वाचन धन-ऋण आकडे म्हणून झाले, तर ४०,००० च्या जागी −२५,५३६ मिळतात. सोळा अंकांच्या आकड्यातील दोन अर्धकांचा क्रम उलटला, तर १ चे २५६ होतात आणि सावकाश बदलणारी दीप्ती नकाशातील समोच्च रेषांसारखी तुटक दिसू लागते. ओळीची लांबी एका पिक्सेलने चुकीची सांगितली, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकून संपूर्ण चित्र तिरपे होते. हे चारही दोष दिसण्यात भयंकर, परंतु दुरुस्तीला सोपे असतात.

याउलट अर्ध्या पिक्सेलचा दोष दिसण्यात काहीच नसतो. पिक्सेलचा निर्देशक त्याच्या मध्यबिंदूला द्यावयाचा की कोपऱ्याला, याविषयी निरनिराळ्या आज्ञावलींचे संकेत निरनिराळे आहेत. खगोलशास्त्रात १९८१ पासून प्रचलित असलेल्या ‘फिट्स’ या संकेतात पहिल्या पिक्सेलच्या मध्याला १ मानतात, तर अनेक आज्ञावलीभाषांत मोजणी ० पासून सुरू होते. ३० मी. पिक्सेल असलेल्या उपग्रहचित्रात अर्ध्या पिक्सेलची चूक म्हणजे जमिनीवर १५ मी. चे अंतर. शेताच्या बांधाला व रस्त्याच्या कडेला ते पुरेसे आहे. दोन वर्षांची चित्रे एकमेकांवर ठेवून बदल शोधताना अशी चूक झाली, तर नदीचा प्रत्येक काठ एका बाजूने खचलेला व दुसऱ्या बाजूने वाढलेला दिसतो. सर्वच नद्या एकाच दिशेला सरकत आहेत असे आढळले, तर नदीऐवजी आज्ञावलीकडे पाहावे.

उजवे-डावे व चिन्हांची उलथापालथ : आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटलेले चित्र हा या क्षेत्रातील सर्वांत जुना व सर्वांत महागात पडणारा दोष आहे. मेंदूच्या छेदचित्रांत क्ष-किरण वैद्यांच्या रूढीनुसार रुग्णाची उजवी बाजू चित्राच्या डावीकडे येते. मज्जातंतुवैज्ञानिकांत याच्या उलट रूढीही प्रचलित आहे. मेंदूचे दोन्ही अर्धगोल इतके सारखे दिसतात की, चित्र पाहून कोणती रूढी वापरली आहे हे सांगता येत नाही. मेयो क्लिनिक या अमेरिकी संस्थेत तयार झालेल्या ‘ॲनलाइझ’ या एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचिका-प्रकारात दिशेची माहिती निःसंदिग्धपणे नोंदविण्याची सोय नव्हती. त्यामुळे एका आज्ञावलीने लिहिलेली संचिका दुसरीने उलटी वाचण्याचे प्रकार घडत. पुढे आलेल्या ‘निफ्टी’ या संकेताचा एक मुख्य हेतू हीच संदिग्धता घालविणे हा होता. तरीही अनेक प्रयोगशाळांत व्यक्तीच्या डोक्याच्या उजव्या बाजूला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवून मग चित्र घेण्याची प्रथा आहे. कॅप्सूलमधील तेल चुंबकीय अनुस्पंदन चित्रात ठळक ठिपक्यासारखे दिसते. लाखो ओळींच्या आज्ञावलीवर एका कॅप्सूलने ठेवलेला हा पहारा प्रस्तुत विषयातील सर्वांत स्वस्त व बिनचूक उपाय आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

जेथे अशी खूण लावणे शक्य नसते, तेथे काय घडते याचे उदाहरण प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानात मिळते. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील जेफ्री चँग यांनी २००१ मध्ये एमएसबीए या पेशीपटलातील प्रथिनाची संरचना प्रसिद्ध केली. क्ष-किरणांच्या विवर्तनापासून इलेक्ट्रॉन-घनतेचा त्रिमितीय नकाशा काढून ती ठरविली होती. विवर्तनाच्या ज्या जोड-मोजमापांतील अल्प फरकावरून रेणूची उजवी-डावी ठेवण निश्चित होते, त्यांचे दोन स्तंभ प्रयोगशाळेतील एका घरगुती आज्ञावलीत अदलाबदल होऊन पुढे जात होते. परिणामी चिन्ह उलटले आणि नकाशा आरशातील प्रतिमेसारखा झाला. नकाशाची विभेदनक्षमता ४.५ अँगस्ट्रॉम एवढीच असल्यामुळे प्रथिनातील सर्पिलांचा पीळ उजवा की डावा, हे त्यावरून स्पष्ट दिसण्याजोगे नव्हते. सप्टेंबर २००६ मध्ये झुरिक येथील रॉजर डॉसन व कास्पर लोखर यांनी एसएव्ही१८६६ या त्याच कुळातील प्रथिनाची संरचना प्रसिद्ध केली. ती चँग यांच्या संरचनेशी मुळीच जुळेना, तेव्हा मूळ आकड्यांचा माग काढण्यात आला व दोष सापडला. डिसेंबर २००६ मध्ये निबंध मागे घेत असल्याचे जाहीर करण्यात आले. एकूण पाच निबंध मागे घ्यावे लागले. त्यांतील तीन ‘सायन्स’ या नियतकालिकातील होते. मधल्या पाच वर्षांत या संरचनेशी न जुळणारे प्रयोग करणाऱ्या इतर संशोधकांना आपलेच निष्कर्ष संशयास्पद वाटत राहिले. या प्रकरणात अप्रामाणिकपणा नव्हता, सांख्यिकीची चूक नव्हती आणि आज्ञावली एकदाही बंद पडली नव्हती. फक्त दोन स्तंभांची जागा बदलली होती.

गृहीतकांतील दोष : काही वेळा आज्ञावलीची प्रत्येक ओळ बरोबर असते, परंतु ती लिहिणाराने निसर्गाविषयी जे गृहीत धरले ते चुकीचे असते. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विवराची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण बहुधा चुकीच्या रूपात. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ उपग्रहावरील उपकरण ओझोनचे जागतिक नकाशे तयार करीत असे. त्याच्या आज्ञावलीत १८० डॉब्सन एककांपेक्षा कमी आकडे संशयास्पद म्हणून खूण करून वेगळे ठेवण्याची योजना होती. कारण एवढा कमी ओझोन पूर्वी कोणी मोजलेला नव्हता. ‘संगणकाने आकडे फेकून दिले म्हणून विवर सापडले नाही’ ही लोकप्रिय समजूत बरोबर नाही. आकडे जपून ठेवलेले होते व १९८४ मध्ये खुणांची वाढलेली संख्या संशोधकांच्या लक्षातही आली होती. दक्षिण ध्रुवावरील जमिनीवरच्या केंद्राच्या मोजमापांशी त्यांनी ती ताडून पाहिली, तेव्हा ती जुळली नाहीत. आणि चूक होती ती जमिनीवरच्या मोजमापांत. या तपासात वेळ गेला आणि जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन या ब्रिटिश संशोधकांचा हॅली बे येथील निरीक्षणांवर आधारलेला निबंध मे १९८५ मध्ये आधी प्रसिद्ध झाला. संशयित आकडा खोडण्याऐवजी खूण करून ठेवल्यामुळेच पुढे उपग्रहाच्या जुन्या नोंदींतून विवराचा संपूर्ण नकाशा काढता आला, ही गोष्ट कथेच्या लोकप्रिय रूपात हरवते.

मेंदूच्या कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या बाबतीत दोष व गृहीतक हे दोन्ही एकत्र आले. स्वीडनमधील अँडर्स एकलुंड व हान्स क्नुटसन आणि इंग्लंडमधील टॉमस निकोल्स यांनी २०१६ मध्ये एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. ४९९ निरोगी व्यक्ती विश्रांत पडल्या असताना घेतलेली चित्रे त्यांनी तीन प्रचलित आज्ञावलींना दिली व जणू त्या व्यक्ती एखादे कार्य करीत होत्या असे मानून विश्लेषण करविले. तेथे खरे कार्य काहीच नसल्याने खोटे निष्कर्ष शंभरात पाच एवढेच मिळावयास हवे होते. काही पद्धतींत ते सत्तरपर्यंत गेले. एका आज्ञावलीत पंधरा वर्षे राहिलेला एक दोषही याच कामात उघडकीस आला व तो मे २०१५ मध्ये दुरुस्त झाला. वृत्तपत्रांनी या दोषाचाच गाजावाजा केला. वस्तुतः मोठा वाटा आज्ञावलीतील चुकीचा नसून, शेजारच्या पिक्सेलांमधील साम्य अंतरानुसार कसे घटते याविषयीच्या गृहीतकाचा होता. चाळीस हजार निबंध संशयास्पद ठरतात, असे मूळ निबंधात म्हटले होते. ते विधान लेखकांनी त्याच वर्षी दुरुस्त केले.

तिसरा प्रकार प्रतिमा रचणाऱ्या आज्ञावलीला अपेक्षित चित्र आधीच दाखविल्यामुळे उद्भवतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात अतिशय अस्पष्ट अशा हजारो कणचित्रांची एका नमुन्याशी जुळवणी करून सरासरी काढतात. केवळ गोंगाट असलेली एक हजार चित्रे घेऊन ती आइन्स्टाइन यांच्या छायाचित्राशी जुळतील अशी सरकविली व त्यांची सरासरी काढली, तर शून्यातून आइन्स्टाइन यांचा चेहरा उमटतो. रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये या धोक्याकडे जोराने लक्ष वेधले. यावरचा रूढ उपाय म्हणजे मोजमापांचे प्रारंभीच दोन भाग करून त्यांपासून दोन प्रतिमा परस्परांपासून अलिप्तपणे रचणे व त्यांत जेवढे साम्य असेल, तेवढ्याच तपशिलावर विश्वास ठेवणे.

शोधाची रीत : दोषशोधनाला हात घालण्यापूर्वी मूळ संचिकेची प्रत बाजूला ठेवून ती कोणालाही बदलता येणार नाही अशी व्यवस्था करतात. त्यानंतर दोष हवा तेव्हा पुन्हा घडविता येतो का, हे पाहतात. एकदाच दिसून नाहीसा होणारा दोष बहुधा स्मृतीच्या न भरलेल्या घरातून किंवा एकाच वेळी चालणाऱ्या दोन क्रियांच्या शर्यतीतून आलेला असतो व त्याचा शोध फार चिकाटीचा असतो. पुढची पायरी म्हणजे चित्राकडे न पाहता आकड्यांकडे पाहणे. पडद्यावर दिसणारे चित्र उजळपणा व रंगछटा यांच्या निवडीवर अवलंबून असते. काळाकुट्ट दिसणारा चौकोन पुष्कळदा उत्तम चित्र असते, कारण कॅमेऱ्याचे आकडे ४,०९५ पर्यंतच जातात आणि पडदा मात्र ६५,५३५ ला पांढरे मानीत असतो. हा दोष आज्ञावलीत नसून दर्शनात असतो. पण दोष म्हणून येणाऱ्या तक्रारींत त्याचा वाटा मोठा आहे.

मग आज्ञावलीला असे चित्र देतात की, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. सर्वत्र एकच आकडा असलेले चित्र दिले तर कडांवरील चुका उघड होतात. एकच तेजस्वी पिक्सेल दिल्यास स्थानातील सरक व धूसरता कळते. निव्वळ गोंगाट दिल्यास आज्ञावली नसलेले काही ‘शोधून’ काढते का, हे दिसते. दिशा तपासण्यासाठी असममित आकृती लागते. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत रोमन ‘एफ’ हे अक्षर वापरलेले दिसते. देवनागरीत ‘क’ किंवा ‘र’ हे काम तितकेच चांगले करतील; ‘ठ’ मात्र निरुपयोगी, कारण डावे-उजवे उलटले तरी तो जवळजवळ ‘ठ’च राहतो. रुग्णालयांत हेच काम पाण्याने भरलेले नळकांडे करते. छेददर्शनाच्या मापनश्रेणीत पाण्याला ० व हवेला −१,००० एकके मानली आहेत. पाण्याचे माप १,०२४ च्या आसपास आले, तर संचिकेत लिहिलेली वजावट आज्ञावलीने केलेली नाही, हे एका दृष्टिक्षेपात समजते.

दोषाचे ठिकाण ठरविण्यासाठी साखळी मध्यावर तोडून पाहतात. मधल्या टप्प्यावरचे आकडे बरोबर असतील तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसतील तर मागच्या अर्ध्यात असतो. असे निम्मेनिम्मे करीत गेल्यास एक हजार टप्प्यांतूनही सुमारे दहा परीक्षांत चुकीचा टप्पा सापडतो. हीच युक्ती काळालाही लावता येते. गेल्या वर्षी बरोबर चालणारी आज्ञावली आज चुकत असेल, तर मधल्या आवृत्त्यांपैकी नेमकी कोणती बिघडली हे याच रीतीने शोधतात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. घाईने तीन दुरुस्त्या एकदम केल्या व दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि उरलेल्या दोन दुरुस्त्या नवे दोष म्हणून मागे राहतात.

तुलना व तिच्या मर्यादा : एका आज्ञावलीची दुसरीशी तुलना हा उपाय प्रभावी असला, तरी त्याचे निष्कर्ष नेहमी सुखावह नसतात. लेस हॅटन व अँडी रॉबर्ट्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भूकंपीय सर्वेक्षणावरून भूगर्भाची छेदचित्रे काढणाऱ्या नऊ व्यापारी आज्ञावली तपासल्या. त्या निरनिराळ्या कंपन्यांनी फोर्ट्रान भाषेत, त्याच गणिती रीती वापरून लिहिल्या होत्या आणि त्यांना तीच मोजमापे देण्यात आली होती. आज्ञावलीच्या दर ४,००० ओळींमागे त्यांच्या उत्तरांतील फरक सुमारे एक टक्क्याने वाढत गेला. खनिज तेलासाठी विहीर कोठे खणावी, हे अशा चित्रांतील सूक्ष्म तपशिलावर ठरते. फरकांचे कारण गहन गणितात नव्हते. तक्त्यातील घरे मोजताना एकाने चुकणे यांसारख्या क्षुल्लक चुकाही त्यात होत्या. दुसरीकडे, जॉन नाइट व नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ मध्ये एकाच प्रश्नासाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या २७ आज्ञावलींचा अभ्यास करून दाखविले की, निरनिराळी माणसेही त्याच अवघड जागी चुकतात. म्हणून दोन आज्ञावलींचे एकमत हा बळकट पुरावा असला, तरी निर्णायक नव्हे.

या दोन्ही अनुभवांचा उपयोग एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराच्या प्रतिमेच्या वेळी करण्यात आला. पृथ्वीवर दूरदूर विखुरलेल्या रेडिओ दूरदर्शकांच्या मोजमापांत मोठ्या उणिवा असतात व त्या भरून काढण्याचे काम आज्ञावलीला करावे लागते. त्यामुळे संशोधकांच्या चार गटांनी एकमेकांशी न बोलता २०१८ मध्ये निरनिराळ्या प्रतिमा रचल्या आणि नंतर त्यांची तुलना केली. पुढे तीन वेगवेगळ्या आज्ञावलींना वलय, चंद्रकोर, भरीव चकती व दोन अलग उगम यांची कृत्रिम मोजमापे देऊन पाहण्यात आले. मुद्दा हा होता की, चकती दिली असता आज्ञावलीने वलय काढू नये. त्यानंतरच १० एप्रिल २०१९ रोजी प्रतिमा प्रसिद्ध झाली.

आवृत्ती व परिसर : आज्ञावली तीच, मोजमापे तीच, तरीही उत्तर वेगळे, असेही घडते. अपूर्णांक ठरावीक अंकांपर्यंतच साठविले जात असल्याने बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात आणि पुढील टप्प्यांत हा फरक वाढू शकतो. मेंदूच्या भागांचे आकारमान मोजणाऱ्या ‘फ्रीसर्फर’ या आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नव्या व जुन्या आवृत्त्यांनी दिलेल्या आकारमानांत सरासरी ८.८ टक्के फरक आढळला. संगणकाचा प्रकार किंवा त्याची कार्यकारी प्रणाली बदलल्यानेही सुमारे याच्या निम्मा फरक पडला. वृद्धत्व किंवा रोग यांमुळे मेंदूत होणारे बदल पुष्कळदा याहून लहान असतात. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात मध्येच आवृत्ती बदलू नये व निबंधात आवृत्ती, यंत्र व प्रणाली यांचा उल्लेख करावा, असा संकेत पडला आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे नाही.

शिकविलेल्या आज्ञावली : अलीकडे प्रतिमा रचण्यासाठी असंख्य उदाहरणांवरून स्वतः शिकणारी जाळी वापरण्यात येऊ लागली आहेत. चुंबकीय अनुस्पंदनात त्यांच्यामुळे कमी मोजमापांत, म्हणजेच कमी वेळात, स्वच्छ चित्र मिळते. त्यांतील दोष मात्र आज्ञावलीच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून दाखविता येत नाही, कारण तो कोट्यवधी शिकलेल्या गुणकांत विखुरलेला असतो. २०२० मध्ये व्हेगार्ड आंटुन व सहकाऱ्यांनी अशा काही जाळ्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. मोजमापांत डोळ्यांना न जाणवणारा बदल केला असता चित्रात ठळक विकृती उमटल्या, तर काही वेळा चित्रात मुद्दाम घातलेला लहान तपशील साफ नाहीसा झाला. काही जाळ्यांना मोजमापांची संख्या वाढवून दिली असता चित्र सुधारण्याऐवजी बिघडले. अशा आज्ञावलींच्या बाबतीत लक्षणांवरून उगम ओळखण्याची जुनी रीत अपुरी पडते. कारण त्यांच्या चुका पट्टे, वलये किंवा कमानी यांच्या रूपात न येता सामान्य ऊतींसारख्याच दिसतात. त्यामुळे यंत्राने घेतलेली मूळ मोजमापे चित्राबरोबर जतन करणे आणि शंका येताच त्यांपासून जुन्या, निव्वळ गणिती रीतीने चित्र पुन्हा रचून पाहणे, एवढाच खात्रीचा मार्ग तूर्त उपलब्ध आहे. ही मोजमापे आकाराने चित्राच्या अनेक पट मोठी असतात व बऱ्याच ठिकाणी तपासणीनंतर लवकरच पुसून टाकली जातात.